आयरिश लोणी आणि सोलापूरचा वारा



१९८७ साली मुंबईत लोण्यावरून एक खटला उभा राहिला. लोणी आयर्लंडचे होते. युरोपीय आर्थिक समुदायाने ते मदत म्हणून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाला दिले होते आणि ते मुंबईकरांच्या रोजच्या आहारात येणार होते. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट होऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्या स्फोटातला किरणोत्सारी अंश या लोण्यात उतरला आहे, म्हणून ते वाटू नये, अशी मागणी घेऊन काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे याचिका फेटाळली गेली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८८ साली ‘डॉ. शिवराव शांताराम वागळे विरुद्ध भारत सरकार’ या नावाने त्याचा निकाल लागला.

अणुअपघातातला किरणोत्सार कसा पसरतो, हा आजचा विषय समजून घ्यायला महाराष्ट्रातले याहून चांगले उदाहरण मला दिसत नाही. युक्रेनमधली अणुभट्टी फुटते, आयर्लंडमधले गवत बाधित होते, ते गवत गाय खाते आणि मुंबईतला माणूस पावावर लोणी लावताना थबकतो. या साखळीतला एक दुवा हवेचा आहे, एक पावसाचा आहे आणि एक गोठ्याचा. मला मांडायचे आहे ते असे: अपघात किती किलोमीटरवर झाला, हा आपल्या तोंडी येणारा पहिला प्रश्न अपुरा आहे. वारा कुठे गेला, पाऊस कुठे पडला आणि ही गोष्ट लोकांना कधी सांगितली, यावर बरेचसे ठरते.

आधी चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी चौथ्या क्रमांकाची भट्टी फुटली. छप्पर उडाले, आतल्या ग्रॅफाइटला आग लागली आणि जवळपास दहा दिवस त्या उघड्या भट्टीतून किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडत राहिली. दहा दिवस हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकाच क्षणी सगळे बाहेर पडले असते, तर एका दिशेला एक पट्टा उमटला असता. पण दहा दिवसांत वारा अनेकदा फिरला. सुरुवातीला तो पश्चिमेकडे आणि वायव्येकडे होता, म्हणून किरणोत्सारी ढग बेलारूसवरून स्कँडिनेव्हियाकडे गेला. नंतर मध्य युरोप, मग बाल्कन. आयर्लंड आणि ब्रिटनवर तो मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला पोहोचला. शिवाय गरम वायूंनी हा माल हजार मीटरच्याही वर उचलला होता. जमिनीवर एका दिशेचा वारा आणि किलोमीटरभर उंचीवर दुसऱ्याच दिशेचा, हे कोणत्याही गावात रोज घडते. एकाच भट्टीतून एकाच वेळी निघालेली द्रव्ये त्यामुळे वेगवेगळ्या देशांत जाऊन पडली.

त्यातही सगळे कण सारखे नसतात. इंधनाचे जड तुकडे, ज्यांत प्लुटोनियम आणि बरेचसे स्ट्रॉन्शियम होते, ते प्रकल्पाच्या आसपासच कोसळले. झेनॉनसारखे वायू कशालाच चिकटत नाहीत. ते हवेत मिसळून विरळ होत जातात. खरा प्रवास करतात ते आयोडीन आणि सीझियम. भट्टीच्या उष्णतेत त्यांची वाफ होते, बाहेर पडून ती थंड होते आणि हवेत आधीच तरंगणाऱ्या बारीक धुळीवर जाऊन बसते. हे कण एक मायक्रॉनच्या आसपासचे असतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. एक साधा हिशेब करून बघा. शंभर मायक्रॉनचा कण एक किलोमीटर उंचीवरून सोडला, तर साधारण तासाभरात तो जमिनीवर येतो. एक मायक्रॉनचा, पाण्याइतक्या घनतेचा कण संथ हवेत तेवढेच अंतर उतरायला जवळपास वर्ष घेईल. म्हणजे हे कण आपल्या वजनाने खाली येतच नाहीत म्हणा. त्यांना कोणीतरी खाली आणावे लागते.

ते काम पाऊस करतो. ढगात थेंब तयार व्हायलाच धुळीचा कण लागतो, त्यामुळे किरणोत्सारी कण थेंबाच्या पोटात जातात. पडता पडताही थेंब वाटेतली हवा धुऊन घेतो. कोरड्या हवेतून आठवडाभर जाणारा ढग एका पावसाच्या सरीत काही तासांत रिता होतो, आणि जिथे ती सर पडली तिथली जमीन पुढची कित्येक वर्षे त्याची किंमत मोजते.

२८ एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुप्रकल्पात किरणोत्सार तपासणारे यंत्र वाजू लागले. कर्मचाऱ्यांच्या बुटांवर किरणोत्सारी कण सापडले. आपल्याच भट्टीत गळती झाली, असे वाटून तिथल्या लोकांची धावपळ उडाली. पण भट्टी ठाकठीक होती. माती आणि गवत तपासले, वाऱ्याची दिशा मागे मागे नेली, तेव्हा बोट सोव्हिएत संघाकडे गेले. फोर्समार्कपासून चेर्नोबिल अकराशे किलोमीटरवर आहे. त्याच दिवशी रात्री मॉस्कोने काही ओळींचे निवेदन वाचून दाखवले. भट्टी फुटून तोवर अडीच दिवस उलटले होते. प्रकल्पाला लागून असलेले प्रिप्यात शहर रिकामे करायलाही दीड दिवस लागला होता आणि त्या दीड दिवसात मुले अंगणात खेळत होती. चेर्नोबिलबद्दल वाचताना मला सर्वाधिक राग येतो तो याच गोष्टीचा. यंत्र बिघडणे समजू शकते, पण माहीत असून न सांगणे समजून घेता येत नाही.

आता नकाशा पाहा. चेर्नोबिलच्या ईशान्येला, साधारण दोनशे किलोमीटरवर, बेलारूसचा मोगिल्योव आणि रशियाचा ब्रियान्स्क हा भाग आहे. २८-२९ एप्रिलला तिथे पाऊस झाला आणि तिथल्या जमिनीवर सीझियम इतके साठले, की प्रकल्पालगतच्या काही जागाही त्यापुढे कमी बाधित ठरल्या. स्वीडनमध्ये येव्ले शहराच्या आसपास असेच झाले. वेल्स आणि कंब्रियाचे डोंगर तर दोन हजार किलोमीटरहून दूर. तिथे मेच्या सुरुवातीला पाऊस लागला, आणि तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर जे निर्बंध आले त्यातले शेवटचे २०१२ साली उठले. सव्वीस वर्षे!

सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडचा वळीव असाच पडतो. एका शिवारात बांध फुटतो आणि रस्त्यापलीकडच्या शिवारात मातीचा वासही येत नाही. किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर उतरते तेव्हा तिचे नकाशावरचे ठिगळ असेच दिसते. म्हणून प्रकल्पाभोवती कंपास ठेवून काढलेले वर्तुळ प्रशासनाच्या सोयीचे असते. निसर्ग ते वर्तुळ पाहत नाही.

जपानने हा धडा २०११ साली फार महाग घेतला. ११ मार्चच्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या भट्ट्या वितळल्या. वीस किलोमीटरच्या आतली माणसे हलवली गेली. बाहेर पडलेला बहुतांश किरणोत्सार वाऱ्याने पॅसिफिक महासागराकडे नेला, हे जपानचे नशीब. पण १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला आणि संध्याकाळी त्या पट्ट्यात पाऊस आणि बर्फ पडला. इइताते नावाचे गाव प्रकल्पापासून साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. ते ठरवलेल्या वर्तुळाच्या बाहेर, म्हणून तिथल्या लोकांनी किनाऱ्याकडच्या विस्थापितांना घरात घेतले, त्यांना जेवू घातले. पुढे त्यांच्याच गावात मोजमापे झाली आणि २२ एप्रिलला सरकारने सांगितले की हे गावही सोडावे लागेल. नामिए गावच्या लोकांचे तर आणखी वाईट झाले. ते वायव्येच्या त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले, म्हणजे नेमके ढगाच्या वाटेवर. वारा किरणोत्सार कुठे नेईल याचा अंदाज सांगणारी स्पीडी नावाची संगणकप्रणाली सरकारकडे होती. तिचे निष्कर्ष लोकांसमोर पहिल्यांदा आले २३ मार्चला. इतक्या शिस्तीच्या, इतक्या यंत्रसज्ज देशात हे घडले.

आता दुधाकडे येतो. सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत मोठा धोका आयोडीन-१३१ चा असतो. त्याचा अर्धायुकाल आठ दिवसांचा आहे, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे होते. ऐंशी दिवसांत ते हजारावा भाग उरते. पण पहिल्या तीन-चार आठवड्यांत ते गवतावर बसते आणि चरणारी गाय दिवसाला साधारण दीडशे चौरस मीटरवरचे गवत फस्त करते. एवढ्या जागेवरचे आयोडीन तिच्या पोटात गोळा होते आणि त्यातले काही दुधात येते. ते दूध लहान मूल पिते. मुलाची थायरॉइड ग्रंथी छोटी असते आणि आयोडीन शोषायला अधाशी असते. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखाली असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या मोठ्या वाट्याचे कारण सुरुवातीच्या आठवड्यांत प्यायलेले दूध हे आहे. इंग्लंडमध्ये १९५७ च्या ऑक्टोबरात विंडस्केलच्या भट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे पाचशे चौरस किलोमीटर परिसरातले दूध ओतून दिले होते. म्हणजे हे ज्ञान चेर्नोबिलच्या जवळपास तीस वर्षे आधीपासून होते.

हा मार्ग तोडता येतो. नेदरलँड्सने मे १९८६ च्या सुरुवातीलाच गायींना चरायला सोडण्यावर बंदी घातली. गोठ्यात जुना चारा खाणाऱ्या गायीच्या दुधात आयोडीन जवळजवळ उतरत नाही. आणि इथे मला आपल्या कडब्याच्या गंजीचे मोल कळते. मंगळवेढा, सांगोला, बार्शीकडे ज्वारी निघाली की शेतकरी कडबा रचून वर्षाची बेगमी करतो. अपघाताआधी कापलेला, रचून ठेवलेला कडबा आतून स्वच्छ असतो. वर ताडपत्री टाकली, ताडपत्री नसेल तर वरच्या पेंढ्या बाजूला काढल्या, जनावर दावणीला बांधले आणि विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पाजले, की दुधाचा धोका फार मोठ्या प्रमाणात टळतो. यासाठी कोणतेही परदेशी तंत्र लागत नाही. वेळेवर निरोप मात्र लागतो. तो आठ दिवस उशिरा आला तर कडबा असून उपयोग नाही.

त्या आयरिश लोण्याचे काय झाले? ते मुंबईच्या बंदरात आले तोवर आयोडीन केव्हाच संपले होते. प्रश्न होता सीझियमचा, ज्याच्या १३७ या प्रकाराचा अर्धायुकाल तीस वर्षांचा आहे. सीझियम शरीरात पोटॅशियमसारखे वागते आणि पाण्यात सहज विरघळते. दुधात ते स्निग्धांशाबरोबर जात नाही, पाण्याच्या अंशात राहते. घरी लोणी काढताना जे ताक उरते, बहुतेक सीझियम त्या ताकात जाते. लोण्यात थोडे राहते आणि कढवलेल्या तुपात जवळजवळ काहीच नाही. याउलट दुधाची पावडर करताना फक्त पाणी उडते, सीझियम तिथेच राहते, म्हणून किलोमागे त्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. ती पावडर पुन्हा पाण्यात कालवली की प्रमाण मूळ दुधाइतके होते, हे खरे. तरीही चिंता करायचीच असती, तर लोण्याआधी पावडरीची करायला हवी होती. लोकांची भीती खरी होती, तिने निवडलेला पदार्थ मात्र त्यातल्या त्यात निरुपद्रवी होता.

युरोपीय समुदायाने १९८६ च्या मे अखेरीस दूध आणि लहान मुलांच्या खाद्यासाठी किलोला ३७० बेकरेल अशी सीझियमची मर्यादा घातली होती. बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ रोजी खाद्यपदार्थांसाठी मर्यादा ठरवल्या. या मर्यादेतले पदार्थ खायला सुरक्षित आहेत का, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. त्यात एम. जी. के. मेनन आणि पी. के. अय्यंगार होते. समितीने होकार दिला आणि न्यायालयाने याचिका निकाली काढली.

त्या याचिकाकर्त्यांना तेव्हा घाबरट म्हणणारेही असतील. मी त्यांना तसे म्हणणार नाही. आमच्या ताटात काय येते, ते मोजले कोणी, मर्यादा कशाच्या आधारावर ठरवली, हे प्रश्न नागरिकाने विचारायचेच असतात. निकाल त्यांच्या विरोधात गेला, पण देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला या आकड्यांचा विचार करावा लागला आणि वैज्ञानिकांना कागदावर उत्तर द्यावे लागले. एवढे तरी त्यांनी मिळवले.

आता सोलापूर. अणुप्रकल्पांपैकी कैगा आपल्यापासून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, तारापूर सव्वाचारशेच्या आसपास आणि प्रस्तावित जैतापूर तीनशेच्या आसपास. आपल्या देशात प्रकल्पाभोवती आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र सोळा किलोमीटरचे धरतात. त्या हिशेबाने सोलापूरचा या विषयाशी संबंधच येत नाही. पण वर सांगितलेले ब्रियान्स्क दोनशे किलोमीटरवर होते.

ऋतूगणिक चित्र बदलते. पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोरात असतो. किलोमीटरभर उंचीवर तो सहज ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरने वाहतो, म्हणजे जैतापूरच्या किनाऱ्यावरची हवा आठ-नऊ तासांत सोलापूरवर येऊ शकते. पण मध्ये सह्याद्री आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पश्चिमेच्या हवेतले बरेचसे कण तिथेच धुऊन निघतील आणि सोलापूरला, जे पर्जन्यछायेत आहे, त्यातला थोडाच भाग मिळेल. ज्या पर्जन्यछायेने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ दिला, ती या एका बाबतीत आपल्या बाजूची आहे. मात्र हा दिलासा कोल्हापूर-सांगलीकरांच्या आणि कोकणातल्या लोकांच्या जिवावरचा आहे, हे विसरू नये. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, पूर्वेकडून असतो आणि किनाऱ्यावरची हवा समुद्राकडे जाते. उन्हाळ्याच्या महिन्यांत वायव्येचे वारे असतात आणि त्याच दिवसांत आपल्याकडे वळीव पडतो. माझ्या मते सोलापूरच्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ हा एप्रिल-मेचा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपण उजनीचे पाणी पितो. उजनीत भीमेचे पाणी येते आणि भीमेला ते येते पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरून. भीमाशंकर ते तारापूर अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. घाटावर पडलेला पाऊस धरणातून आपल्या नळाला येतो, म्हणून फक्त सोलापूरच्या आकाशाकडे पाहून चालणार नाही. यात समाधानाची बाब अशी, की चिकणमातीचे कण सीझियमला घट्ट धरून ठेवतात. फुकुशिमाच्या धरणांमध्येही सीझियम बरेचसे तळाच्या गाळात बसले, वरच्या पाण्यात कमी राहिले. वेल्सच्या डोंगरात अशी चिकणमाती कमी आणि कुजलेल्या वनस्पतींचा थर जास्त होता, म्हणून तिथे सीझियम वर्षानुवर्षे गवतात येत राहिले. आपली काळी जमीन चिकणमातीची आहे. तरी गाळ उपसून शेतात टाकण्याची आपली पद्धत आहे, आणि अपघात झालाच तर तो गाळ मोजल्याशिवाय शेतात जाऊ नये.

ढग आणि कण यांचे नाते सोलापूरला अगदीच परके नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरातल्याच ढगांवर कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. ढगाच्या तळाशी क्षाराचे बारीक कण सोडायचे आणि त्यांच्याभोवती थेंब मोठे होतात का ते पाहायचे, असा तो प्रयोग. किती आकाराचा कण थेंबात कसा जातो, कोणता ढग पाडतो आणि कोणता नुसताच विरतो, याची इथल्या आकाशातली मोजमापे त्यातून झाली. ती पावसासाठी केली होती, पण किरणोत्सारी कण कुठे उतरेल हे सांगायलाही तेच ज्ञान लागते. भाभा अणुसंशोधन केंद्राची किरणोत्सार मोजणारी स्वयंचलित यंत्रेही देशभर आहेत. हवामान खात्याचे वारे, संस्थेचे ढग आणि केंद्राची मोजमापे एका ठिकाणी जुळवून जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर आणि तिथून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर त्याच दिवशी पोहोचणार का, हा प्रश्न आपण आज, सगळे शांत असताना विचारला पाहिजे.

अशी वेळेवर हालचाल पोलंडने करून दाखवली आहे. २८ एप्रिल १९८६ ला ईशान्येकडच्या मिकोवायकी इथल्या मोजमाप केंद्रावर किरणोत्सार वाढलेला दिसला. मॉस्कोकडून धड माहिती मिळत नव्हती. सरकारने ती येण्याची वाट पाहिली नाही. २९ तारखेला आयोडीनचे द्रावण वाटायचे ठरले आणि पुढच्या काही दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांनी ते घेतले. साध्या आयोडीनने थायरॉइड आधीच भरली, की किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. वेळ मात्र सांभाळावी लागते. ढग येण्याच्या थोडे आधी किंवा आल्यावर काही तासांत घेतले तर उपयोग, दोन दिवसांनी घेतले तर जवळजवळ व्यर्थ. चाळिशी उलटलेल्यांना त्याचा फायदा कमी आणि त्रास जास्त. आधी मुलांना आणि गरोदर बायकांना द्यायचे. सीझियमवर आयोडीनच्या द्रावणाचा किंवा गोळीचा काहीही परिणाम होत नाही.

आणि घरातल्या मिठावर विसंबू नका. मार्च २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांवर गर्दी केली होती. आपल्याकडच्या मिठात घराघरात पोहोचताना किलोमागे किमान पंधरा मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. प्रौढाच्या एका गोळीत साधारण शंभर मिलिग्रॅम आयोडीन असते. तेवढे मिळवायला साडेसहा किलोहून अधिक मीठ एका दिवसात खावे लागेल, आणि त्या मिठाने माणूस किरणोत्साराच्या कितीतरी आधी मरेल. अपघाताची बातमी येईल त्या दिवशी मिठाच्या रांगेत उभे राहू नका. मुलांना घरात घ्या, दारे-खिडक्या लावा, रेडिओ चालू ठेवा, जनावरांना गोठ्यात बांधा, आणि आकाशवाणीवर दुधाबद्दल काय सांगतात ते ऐकेपर्यंत त्या दिवशी काढलेले दूध लहान मुलाला देऊ नका.